बाटलीवर वाढलेली कालवड अंगावर येते : ठमीच्या नोंदी

९ जून २०२४
आज सकाळी ठमीने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गव्हाणीवर दाबलं. त्या ढेपेचं टोपलं घेऊन आत गेल्या होत्या. ठमी टोपल्यात तोंड घालायला आली, आईंनी तिचं कपाळ हाताने मागे लोटलं. तिने लगेच मान खाली घातली आणि छातीखाली ढुशी दिली. मागे गव्हाणीची भिंत, सरकायला जागाच नव्हती. मी बादली भिंतीवर आपटली तेव्हा ती बाजूला झाली. डाव्या बरगडीला चीर आहे. तपासणी, एक्स-रे आणि गोळ्या मिळून १,३५० रुपये लागले, आणि सहा आठवडे वजन उचलायचं नाही.

आतापर्यंत आम्ही "लाडाची आहे" म्हणून सोडून देत होतो. आजपासून सगळं लिहून ठेवते, म्हणजे कोणाच्या कोठ्यात अशी कालवड असेल तर आमच्या चुका तरी त्यांना आधी कळतील.

ठमी जर्सी क्रॉस आहे, ऑक्टोबर २०२२ चा जन्म. तेव्हा लंपीची साथ होती. तिची आई आजारी असतानाच व्याली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बाकी ढोरांना लागण होईल या भीतीने ठमीला कोठ्यापासून दूर, घराच्या अंगणात ठेवलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला बाटलीने दूध पाजलं, माझ्या मुलाने तिच्याशी टक्कर-टक्कर खेळून तिला मोठं केलं. पाच महिने तिने दुसरं ढोर जवळून पाहिलं नाही. त्या गडबडीत शिंगांचे कोंबही जाळायचे राहिले. आता शिंगं पाच इंचांची आहेत, टोकदार.

आज टेपने मापली. छातीचा घेर ५८ इंच, लांबी ५० इंच. घेराला घेराने गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. २५५ किलो आलं. लहानपणी मांडीवर बसणारी ती धडक आता २५५ किलोंची आहे, हे आकडा डोळ्यांसमोर आल्यावर मला कळलं.

११ जून
गावच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कुत्र्याचा. कुत्रं चावलं होतं का? स्वभाव दोन-चार दिवसांत अचानक बदलला का? लाळ गळते का, आवाज घोगरा झाला का, पाणी पिते का? शांत ढोर एकाएकी अंगावर येऊ लागलं तर आधी पिसाळ रोगाचा विचार करायचा आणि तोंडात हात घालायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. ठमीचं तसं नाही. तिचं हे वर्षभर हळूहळू वाढत आलंय.

मग म्हणाले, "ताई, ही रागीट नाही. हिला तुम्ही माणसं वाटतच नाही." ते मला नीट समजावून घ्यावं लागलं. वासरू दूध पिताना गायीच्या कासेला ढुशा देतं, म्हणजे पान्हा सुटतो. ठमीला कास नव्हती, बाटली होती, म्हणून ती आमच्या मांडीला ढुशा द्यायची आणि दूध मिळायचं. दूध सुटलं तरी ढुशी राहिली. शिवाय कळपात लहानमोठं कोण हे डोकी भिडवून ठरतं. तिच्यापुढे डोकं भिडवायला आम्हीच होतो, आणि माझा मुलगा तर रोज भिडवायचा. कपाळ हाताने लोटणं म्हणजे तिच्या लेखी "ये, लाव जोर". ९ तारखेला आईंनी नेमकं तेच केलं.

गायीखाली वाढलेलं वासरू माणसापासून आपलं अंतर राखून असतं. हिच्यात ते अंतर कधी तयारच होऊ दिलं नाही आम्ही.

१२ जून
घरात नियम ठरवले. मुलाने कुंपणाच्या आत पाय ठेवायचा नाही. आत जाताना दोन माणसं, एक फाटकाशी. फाटकाची कडी काढलेली असावी. हातात पाच फुटी बांबू. खाणं घेऊन आत जायचंच नाही, गव्हाणीत बाहेरून टाकायचं. कपाळ आणि शिंगांची मधली जागा कोणी खाजवायची नाही.

शेवटचा नियम मामाजींना फार लागला. "लेकरासारखी वाढवली तिले. आता हातबी लावू नको म्हन्ता?" म्हणाले आणि उठून गेले. बहात्तर वर्षांचे आहेत, रोज संध्याकाळी ते तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. मी त्यांना दुखावलं.

१६ जून
काठीची पहिली चूक. ती माझ्याकडे चालत आली, मी घाबरून नाकाडावर दोन रट्टे दिले. ती कोपऱ्यात होती, मागे भिंत, बाजूला ढेपेचं पिंप. मागे जायला वाट नाही म्हटल्यावर ती पुढे आली. मी फाटकातून बाहेर पडले, दंडावर शिंगाचा ओरखडा आला. दुपारभर हात थरथरत होता.

पिंप आजच हलवलं. कोपऱ्यातल्या ढोरावर काठी उगारायची नाही.

१९ जून
पहिला खोडा केला, म्हणजे ढोराला उभं धरून ठेवायची चौकट, बांबूची. पुढेमागे कृत्रिम रेतन करायचं, शिंगं पाहायची तर खोडा हवाच. ७०० रुपयांचे बांबू, काथ्याने बांधले. ठमीला ढेप दाखवून आत घेतली. तिने मान खाली घालून आडवा बांबू वर उचलला आणि अख्खी चौकट गळ्यात घेऊन अंगणभर फिरली. वीस मिनिटं लागली सोडवायला. बांबू मांडवासाठी ठेवून दिले.

२८ जून
शेजारचे भाऊ दोन आठवड्यांपासून म्हणत होते, "वेसण घाला, मंग पाहा कशी सरळ होते." ह्यांनाही पटलं. मला शंका होती, पण आईंची बरगडी डोळ्यांपुढे होती म्हणून मी हो म्हटलं. गावातल्या माणसाने वेसण घातली, २०० रुपये.

९ जुलै
नाकात आळ्या झाल्या. पावसात ओली जखम, माशा बसल्या. डॉक्टरांनी आळ्या काढल्या, वेसण काढून टाकली. औषध आणि स्प्रे मिळून ८६०. ते एवढंच म्हणाले की पावसाळ्यात जखम होईल असं काम, मग ती वेसण असो की शिंगं कापणं, अगदी अडल्याशिवाय करू नये.

पैशांपेक्षा मोठं नुकसान दुसरं झालं. आता तोंडाकडे हात नेला की ती डोकं फेकते. पाच दिवस रोज स्प्रे मारायचा होता, पाचही दिवस तिघं लागलो. वेसण बैलाला कामासाठी लागते, तो आधीच कह्यात असतो. जिला अंतरच माहीत नाही तिच्या नाकात दोर घालून अंतर शिकवता येत नाही, नुसतं दुखवता येतं. अकरा दिवस गेले.

१४ जुलै
सकाळी पाणी भरायला वळले आणि तिने पुढचे दोन्ही पाय माझ्या पाठीवर टाकले. पडले ती चिखलात, म्हणून हाडं वाचली. ह्यांनी बादली तिच्या तोंडापुढे फेकली, तेवढ्या वेळात मी कुंपणाखालून सरपटत बाहेर आले. नियम माझाच आणि मोडलाही मीच. मी तिच्याकडे पाठ केली होती.

ती माजावर होती. सोट, म्हणजे मागून येणारा चिकट स्राव, दिसत होता, हंबरत होती. कळपात असती तर दुसऱ्या गायीवर चढली असती. कॅलेंडरवर तारखेला लाल खूण केली.

१८ जुलै
हे नागपूरला दुधाच्या हिशेबासाठी गेले होते. येताना सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवून आले. तिथल्या डॉक्टरांनी माजाच्या तारखा विचारल्या. गाय सतत माज दाखवत असेल तर बीजांडावर गाठ असू शकते, तीही अशीच आक्रमक होते. माज जर १८ ते २४ दिवसांनी नेमाने येत असेल तर तसं नाही. म्हणजे पुढचा माज ४ ऑगस्टच्या आसपास यायला हवा.

दुसरं त्यांनी विचारलं, "तिच्यासोबत कोण आहे?" कोणी नाही. अजूनही वेगळ्या दावणीला बांधतो आम्ही. लंपी जाऊन वर्ष उलटून गेलं आणि सवय म्हणून ती वेगळीच राहिली. ते म्हणाले, मोठ्या गायींत सोडा, शिंगवाली एखादी खाष्ट असेल तर उत्तमच.

खाष्ट आहे. काशी. गवळाऊ, अकरा वर्षांची, वर्धा-नागपूरच्या मातीतली आमची जुनी गाय. तिच्या वाटेला आमचे बैलही जात नाहीत.

२१ जुलै
मोकळ्या आवारात, ४० बाय ३० फूट, काशी आणि दोन क्रॉस गायींसोबत ठमीला सोडली. कुटार आणि हिरवा चारा चार ठिकाणी लांब लांब टाकला, म्हणजे खाण्यावरून एका जागी गर्दी होऊ नये. कोपऱ्यात कोणी अडकू नये म्हणून दोन कोपरे लाकडं लावून तिरपे बंद केले.

पहिला तासभर ठमी फाटकाला तोंड लावून आमच्यासाठी हंबरत राहिली. मामाजी पाहू शकले नाहीत, घरात गेले. मग ती काशीच्या चाऱ्याकडे गेली, नेहमीसारखी, थेट. काशीने नुसती मान वळवली. ठमीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. दुसऱ्या क्षणी काशीचं डोकं तिच्या बरगड्यांत बसलं. ठमी चार पावलं मागे सरली आणि उभी राहून बघत राहिली. मी तिला मागे सरताना पहिल्यांदा पाहिलं.

२४ जुलै
चार दिवसांत काशीने दोनदाच मारलं. आता नुसती मान वळली की ठमी जागा सोडते. आमच्या दीड महिन्याच्या काठीने झालं नाही ते हे. ठमीच्या पोटावर खरचटलंय, जखम नाही. हे मार्च २०२३ मध्येच, साथ ओसरल्यावर, केलं असतं तर आईंची बरगडी शाबूत असती, असं रोज वाटतं.

मी बाहेर बसून काशीचं पाहून शिकतेय. ती ठमी जवळ येण्याची वाट पाहत नाही, लांबूनच मान वळवून सांगते. ठमी हटली की तिथेच थांबते, मागे लागत नाही.

२७ जुलै
काशीसारखं करून पाहिलं. ह्यांना फाटकाशी उभं केलं. ठमी दहा फुटांवर असतानाच मी तिच्याकडे तोंड करून ताठ उभी राहिले, बांबू आडवा धरला, एकदा मोठ्याने "हट". ती येत राहिली. पाच फुटांवर आल्यावर बांबूचं टोक मानेला टेकवलं, मग एक टप्पल. ती थांबली, एक पाय मागे घेतला. मी लगेच बांबू खाली केला आणि गप्प उभी राहिले. तिच्या मागे सगळं आवार मोकळं होतं.

१६ जूनला आणि आज काठी तीच होती. त्या दिवशी तिला मागे वाट नव्हती, आणि ती काय करेल तेव्हा मी थांबेन हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आता ती हटली की काठी त्याच क्षणी खाली येते. रोज वीस मिनिटं, सकाळी. आत-बाहेर करताना पाठ करायची नाही, पळायचं नाही, तिरपं मागे सरकत फाटक गाठायचं.

४ ऑगस्ट
माज. बरोबर एकविसावा दिवस. ठमी दिवसभर क्रॉस गायींवर चढत होती, आमच्याकडे फिरकली नाही. बीजांडाची भीती गेली. वहीतून मागे पाहिलं तर आईंना दाबलं तो ९ जून ह्या माळेत बसत नाही. म्हणजे तो दोष माजावर ढकलता येत नाही, तो टोपल्याचा आणि सवयीचाच होता.

११ ऑगस्ट
दुसरा खोडा. बांधावरचे बाभळीचे खांब, लांबी ६ फूट, आतली रुंदी २६ इंच. जागा आवाराच्या तोंडाशी निवडली, म्हणजे रोज चाऱ्याला जाताना त्यातूनच जावं लागेल. खांब अडीच फूट गाडले आणि तीन दिवसांत डुलायला लागले. आपली काळी माती पावसात फुगते, खांबाला धरून ठेवत नाही. पुन्हा उकरून मुरूम आणि सिमेंट भरलं. सिमेंटच्या दोन गोण्या ७४०, मुरूम ८५०, भंगारातला पाईप ५२ किलो ५५ च्या भावाने २,८६०, वेल्डरचे १,५००.

खोड्याशेजारी आवाराच्या कुंपणात माणूस निसटायला १४ इंचांची फट ठेवली. माणूस आडवा होऊन निघतो, शिंगांचं डोकं निघत नाही. माझ्या मते खोड्याआधी ही फट करायला हवी होती. खर्च काहीच नाही, आणि १४ जुलैला ती असती तर चिखलातून सरपटावं लागलं नसतं.

२२ ऑगस्ट
दहा दिवस खोडा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवला, पलीकडे चारा. ती रोज ये-जा करते. कालपासून मागचा आडणा, म्हणजे आडवा दांडा, लावतो, मिनिटभर थांबवतो, सोडतो. मोरकी, म्हणजे तोंडाभोवतीचा दोर, घालून वर आखूड बांधायचंही सुरू केलंय, सुरगाठीने, म्हणजे एका ओढीत सुटते.

आज ह्यांनी दोर हाताला गुंडाळला होता. तिने झटका दिला, तळहाताची साल निघाली. दोर मुठीत धरायचा, गुंडाळायचा नाही. सांगून झालं होतं, तरी घाई झाली की हात आपोआप गुंडाळतो.

२५ ऑगस्ट
माज, पुन्हा एकविसावा दिवस. दोन दिवस आधीपासून कोणीही आत गेलं नाही.

२ सप्टेंबर, पोळा
बैलांची गडबड, पाहुणे, पोरं. ठमी दिवसभर मागच्या आवारात, फाटकाला कुलूप. लाड करायला येणारे पाहुणेच आमचं काम बिघडवतात, म्हणून किल्ली मी कमरेला लावली.

मामाजींनी बैलांच्या जुन्या पितळी शेंब्या ठमीच्या शिंगांना बसवून पाहिल्या, टोकं बोथट व्हावीत म्हणून. शिंगं बारीक, दोनदा गळून पडल्या. पण खोड्यात ते तिच्या बाजूला उभे राहिले आणि कपाळाला हात न लावता गळ्याखालची पोळी खाजवली. ठमीने मान लांब केली, डोळे मिटले. पोळी खाजवली की मान वर जाते, ढुशीसाठी ती खाली यावी लागते. "हे चालते ना?" त्यांनी मला विचारलं. चालतं, मामाजी. बाहेरून, आडण्याच्या पलीकडून, रोज चालतं.

३ सप्टेंबर
तान्ह्या पोळ्याला मुलगा लाकडी बैल घेऊन गेला. येऊन म्हणाला, ठमीला दाखवू? कुंपणाबाहेरून दाखवला.

१५ सप्टेंबर
सकाळी सहाला माज दिसला. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. डॉक्टर सहाला आले. खोड्यात घेऊन बाहेर सोडेपर्यंत आठ मिनिटं. त्याच वेळी शिंगांची टोकं सेंटीमीटरभर कापून कानशीने गोल केली. टोकाचा भाग भरीव असतो, रक्त नाही, जखम नाही. मुळापासून काढायची तर या वयात शिंग आतून पोकळ झालेलं असतं आणि ती पोकळी डोक्यातल्या पोकळीशी जोडलेली असते, म्हणून ते करायचं नाही असं ठरलं.

२० सप्टेंबर
एक व्यापारी येऊन गेला. मारकी आहे हे आम्ही आधीच सांगितलं, तर १४,००० म्हणाला. न सांगता दिली असती तर दुप्पट आले असते, आणि दुसऱ्या घरातल्या आईची बरगडी गेली असती. घरात बसून ठरवलं की दिवाळीपर्यंत पुन्हा कोणाला लागलं तर ती जाईल, मिळेल त्या किमतीला. मामाजीही हो म्हणाले.

८ ऑक्टोबर
माज आला नाही, दिवस उलटून गेले.

आज एक बारीक गोष्ट झाली, पण मला ती मोठी वाटली. गुरांना हाकताना खांद्याच्या मागे पाऊल टाकलं की ढोर पुढे जातं, पुढे टाकलं की मागे सरतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठमीवर ते कधीच लागू होत नव्हतं, ती उलट आमच्याकडे वळायची. आज मी खांद्याच्या मागे सरकले आणि ती पुढे चालली. बांबू खालीच होता.

१ नोव्हेंबर
दिवाळी. ठमी आहे. जूनपासूनचा खर्च मांडला. दवाखाना १,३५०, बांबू ७००, वेसण आणि तिचं औषध १,०६०, दुसरा खोडा ५,९५०. एकूण ९,०६०, त्यातले १,७६० बांबू आणि वेसणीत वाया गेले.

१९ नोव्हेंबर
आई साडेपाच महिन्यांनी आवारात आल्या, कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. ठमी चालत आली, त्यांचा हात आपोआप बरगडीवर गेला. मी आतून "हट" म्हटलं, ती थांबली. आई काही न बोलता घरात गेल्या. त्यांना आत यायचा आग्रह मी करणार नाही.

१५ डिसेंबर
९१ दिवस झाले. डॉक्टरांनी हाताने तपासलं, गाभण आहे. २२ जूनच्या आसपास व्यायला हवी.

त्यांनी एक ताकीद दिली ती इथे लिहून ठेवते. व्यालेली गाय वासरासाठी अंगावर येते, आणि जिला माणसाची भीती नाही अशी गाय इशारा न देता येते. आता सहा महिने शांत राहिली तरी व्यायच्या दिवशी नियम जूनमधलेच, १२ तारखेचे.

२१ डिसेंबर
व्यायची जागा आखली. खोड्याला लागून १२ बाय १२ फूट, मध्ये पाईपचं सरकतं फाटक, म्हणजे वासराची नाळ पाहायची असेल तर ठमीला आधी खोड्यात घेता येईल. जुना पाईप १४ फूट शिल्लक आहे, आणखी २० फूट लागेल. निसटायच्या फटी दोन, समोरासमोर. वासरू ठमीपाशीच राहील, आणि काशी पलीकडच्या दावणीला, दोघांना दिसेल अशी.

मामाजींनी बाटली धुऊन फळीवर ठेवली होती. आज त्यांनीच ती माळ्यावर टाकली.